वच्छलाबाईचा सरकारी पगार

वच्छलाबाई चपला हातात घालायची.

पायात घालायच्याच चपला, रबरी, निळ्या पट्ट्यांच्या. लहानपणी आलेल्या तापात तिचे दोन्ही पाय गेले. तेव्हापासून ती बसल्या बसल्या सरकायची, आणि सरकताना सगळा भार तळहातांवर यायचा, म्हणून चपला हातात. एकदा अकोटच्या बाजारात मी तिच्यासोबत चपला घ्यायला गेले होते. दुकानदाराने नंबर विचारला तेव्हा तिने पंजा पुढे केला. तो आधी गोंधळला, मग त्याला कळलं, आणि तो म्हणाला की राहू द्या ताई, पैसे नकोत. वच्छलाबाईने हातातल्या नव्या चपला काढून त्याच्या फळीवर ठेवल्या आणि भावाला ऑटो पुढच्या दुकानाकडे घ्यायला सांगितलं. ऑटोत बसल्यावर मला म्हणाली, "फुकटाची चप्पल लवकर तुटते वं, मुकाबाई."

मुकाबाई म्हणजे मी. मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यावरून तिने ठेवलेलं नाव. तिचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. कापसाच्या जिनिंग मिलच्या मागची ती गल्ली. हंगामात सगळ्या गल्लीभर कापसाचे तंतू उडत, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटत, चहावर येऊन बसत. तिच्या घरात ती, धाकटा भाऊ सुधाकर आणि त्याची बायको सुनंदा. सुधाकर ऑटो चालवायचा. त्याचा स्वभाव भित्रा. ऑटोचे सगळे कागद नीट असूनही पोलीस दिसला की तो गल्ली बदलायचा.

वच्छलाबाईला रिकामं बसवत नसे. आमच्याकडे आली की ती उंबऱ्याच्या आत यायच्या आधीच तिची नजर घरभर फिरायची. सुपात डाळ दिसली की सूप ओढून घ्यायची. खाटेची नायलॉनची पट्टी सैल दिसली की बोलता बोलता ती सोडून पुन्हा विणायला लागायची, आणि तिचं बोलणं संपलं तरी खाट संपलेली नसायची, म्हणून मग ती अजून बोलायची. चहा तिला गरम प्यायचा असायचा, पण बशीत ओतून थांबायला वेळ नसायचा, त्यामुळे तिची जीभ कायम पोळलेली. कुणी तिच्याकडे पाहून "बिचारी" म्हटलं की ती लगेच त्या बाईच्या हातात काहीतरी काम द्यायची. "बिचारी म्हनलं ना? मंग हे लसूण सोल." बायका हसत हसत सोलायच्या. पुढे पुढे आमच्या गल्लीत तो शब्दच कुणी वापरेना.

तिला निराधारचा पगार होता. आमच्याकडे सगळे त्याला पगारच म्हणतात. म्हातारीचा पगार, विधवेचा पगार, अपंगाचा पगार. महिना भरला की बँकेसमोर बायका विचारतात, पगार आला का वं? नाही आला की म्हणतात, या महिन्यात पगार तुंबला. सरकार कागदावर त्याला काय म्हणतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वच्छलाबाई खात्यातून पैसे काढून आणायची आणि सगळेच्या सगळे सुनंदाच्या हातात द्यायची. त्यातून गॅसची टाकी यायची, विजेचं बिल जायचं. पैसे देताना ती सुनंदाकडे बघायची नाही, दुसरीकडे बघायची. पण त्या दिवशी ती जेवायला बसताना भाजीत मीठ कमी आहे असं मोठ्याने सांगायची. इतर दिवशी सांगायची नाही.

सरगुंड्यांची सुरुवात एका जावयामुळे झाली. सुनंदाच्या माहेरी, अंजनगाव सुर्जीला, तिच्या बहिणीचा नवरा पहिल्यांदा रस खायला येणार होता. आमच्या वऱ्हाडात आंब्याच्या रसासोबत जावयाला सरगुंडे वाढतात. मळलेल्या कणकेची बारीक वळी काढायची, ती काडीवर वेढे घेत गुंडाळायची, हलकं दाबायचं आणि काडी ओढून घ्यायची. हातात पिळाची पोकळ नळी राहते. ती उन्हात वाळवायची. दिसायला सोपं, पण कणीक जरा सैल झाली की वेढे एकमेकांना चिकटतात, आणि घट्ट झाली की वळी तुटते. आता कुणाला एवढा वेळ नसतो. सुनंदाने नणंदेला विचारलं, आणि वच्छलाबाईने दोन दिवसांत डबाभर करून दिले. जावयाने काय खाल्लं ते माहीत नाही, पण त्याच्या आईने आणखी दोन डबे मागवले, आणि डब्यांसोबत पैसेही पाठवले.

पैसे पाहून सुधाकर घाबरला. धंदा केला म्हणजे उत्पन्न आलं, आणि उत्पन्न आलं की पगार बंद. असं त्याला ऑटोच्या थांब्यावर कुणीतरी सांगितलं होतं. थांब्यावर जे सांगतात ते त्याला कायद्यासारखं वाटायचं. वच्छलाबाईने, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, रात्रभर विचार केला आणि सकाळी तोडगा काढला. सरगुंडे बटईने करायचे. शेत जसं बटईने कसतात, अर्धं मालकाचं, अर्धं कसणाऱ्याचं, तसं. बायकांनी आपले गहू आणायचे. होतील त्यातले अर्धे सरगुंडे त्यांचे, अर्धे हिचे. पैशाला ही हातच लावणार नाही.

"पैसाच नाही घेत तं उत्पन्न कायचं?" ती सुधाकरला म्हणाली. सुधाकरला ते पटलं. मलाही पटलं.

तिच्या वाट्याचे सरगुंडे मात्र अंजनगावला जायचे, तिथल्या लग्नघरांत विकले जायचे, आणि पैसे सुनंदाच्या आईकडून सुनंदाच्या हातात यायचे. म्हणजे धंदा होता. फक्त त्याला धंदा म्हणायचं नाही, असं ठरलं होतं.

त्या उन्हाळ्यात ती सुखाने बसली असेल असं कुणाला वाटेल. पण त्या उन्हाळ्याइतकी अस्वस्थ मी तिला आधी कधी पाहिली नव्हती. सरगुंड्यांना ऊन हवं, आणि उन्हात ठेवलं की दिसतं. अंगणात खाटा टाकायच्या, त्यांवर धुतलेली धोतरं पसरायची, धोतरांवर सरगुंडे मांडायचे, आणि मग त्यांच्यावर दुसरं धोतर टाकायचं. त्यामुळे वाळायला दुप्पट वेळ लागायचा. ती सारखी धोतर वर करून बघायची आणि सारखी गल्लीच्या तोंडाकडे बघायची. बोलताना मधेच थांबायची, ऐकायची. अनोळखी गाडी आली की हात काडीवर तसाच धरून ठेवायची. आमच्या समोरच्या नसीमआपांनी आपली गच्ची देऊ केली, तिथे कुणाला दिसणार नाही म्हणून. पण गच्चीवर तिला स्वतःला जाता येत नव्हतं, आणि आपला माल आपल्याला दिसत नाही हे तिला सहन व्हायचं नाही. ती खालून ओरडून विचारायची, "आपा, पलटले का?" आपा वरून म्हणायच्या, "अगं पलटले गं, कितनी बार पलटू?"

मग एक दिवस दुपारी एक माणूस मोटारसायकलवर आला. पांढरा शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग. गल्लीच्या तोंडाशी त्याने वच्छलाबाईचं घर विचारलं. तो घरापर्यंत यायच्या आत बातमी आली की तपासणीवाला आला. सुनंदा आणि मी दोघींनी खाटा उचलून माझ्या मागच्या खोलीत नेल्या आणि वर गोधड्या टाकल्या. काड्या मी पदराखाली लपवल्या, का ते मलाही माहीत नाही. काडी बघून कुणाला काय कळणार होतं.

तो आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला. मग जरा घुटमळत म्हणाला की पोरीचं लग्न आहे, सरगुंडे मिळतील असं ऐकलं.

वच्छलाबाईने त्याच्या बॅगेकडे पाहिलं. "सरगुंडे? मी नाई करत," ती म्हणाली.

तो म्हणाला, पण मला तर हेच घर सांगितलं.

"कोनी सांगतलं? मले तं सरगुंडे खाताही येत नाई, घशात अडकतात."

तो उठून गेला. संध्याकाळी सुनंदाच्या आईचा फोन आला. तो तिच्याच शेजारचा माणूस होता. खरंच मुलीचं लग्न होतं आणि तो खरंच सरगुंडे घ्यायला आला होता. बॅगेत पैसे होते. सुनंदा इतकी हसली की तिला उचकी लागली. मीही हसले. वच्छलाबाई हसली नाही. तिला खाटा आठवल्या. आम्ही धावलो, पण अर्धे ओले सरगुंडे त्या अंधाऱ्या खोलीत गोधडीखाली दुपारभर वाफाळले होते. आंबूस वास येत होता. सगळे शेळ्यांना घातले.

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहिली, चपला जमिनीवर घासत. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. शेवटी मीच गेले. मला बघून ती म्हणाली, "चोरी केली असती ना वं, तरी एवढं धडधडलं नसतं."

दिवाळी झाली, थंडी आली, आणि पगारासाठी नवीन तपासणी निघाली. सगळ्यांनी तहसीलमध्ये येऊन आपली माहिती सांगायची. सुधाकरने तिला आणि सोबत म्हणून मला ऑटोतून नेलं. वाटभर तो तिची तयारी करून घेत होता. काय विचारलं तरी सरगुंड्यांचं नाव काढायचं नाही. उत्पन्न विचारलं तर नाही म्हणायचं. ती म्हणाली, तीनदा झालं आता सांगून, मी काय येडी आहे का.

टेबलामागे एक तरुण बसला होता. नुकताच लागलेला, दुसऱ्या जिल्ह्यातला. बोलणं अगदी पुस्तकासारखं. बाहेर लांबलचक रांग, त्यामुळे तो मान वर न करता विचारत होता. नाव, वय, घरी कोण. मग त्याने विचारलं, "काही उत्पन्न आहे का?"

"नाई," ती ठासून म्हणाली.

"मग खर्च कसा भागतो?"

"पगार भेटते ना."

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "पगार? कोण देतं?"

"सरकार देते. दुसरं कोन देईन?"

"सरकारी पगार? किती वर्षं झाली?"

"लय वर्षं झाली. पह्यले पोस्टात यायचा, आता खात्यात येते."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, तिच्या हातांतल्या चपलांकडे पाहिलं, आणि नवल वाटल्यासारखी मान हलवून पुढच्याला बोलावलं. आम्ही बाहेर आलो. वच्छलाबाईचा चेहरा खुलला होता. सरगुंड्यांचा स सुद्धा तिने काढला नव्हता. परत येताना तिने सुधाकरला ऑटो थांबवायला लावून आम्हाला गरम भजी खाऊ घातली.

पुढच्या महिन्यात पगार आला नाही. तुंबला असेल, असं सगळे म्हणाले. त्याच्या पुढच्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्यांचा आला, तिचा नाही. सुधाकरची खात्री झाली की कुणीतरी सरगुंड्यांची चुगली केली. तो एकेका शेजाऱ्याकडे संशयाने बघायला लागला. नसीमआपांकडेही बघायचा, तेव्हा आपांनी त्याला दारातच झापलं. वच्छलाबाई त्याला एवढंच म्हणत राहिली, मला तहसीलला घेऊन चल.

आम्ही पुन्हा त्याच टेबलापुढे गेलो. त्या तरुणाने तिला ओळखलं. तो रागावला नव्हता, उलट समजावणीच्या सुरात बोलला. बाई, तुम्ही सरकारी नोकरीत आहात ना? मग तुम्हाला निराधारची मदत कशी मिळेल?

"कोन नोकरीत हाय?"

"तुम्हीच म्हणालात. सरकारी पगार मिळतो, खात्यात येतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्या मागे उभी होते. मलाही कळायला वेळ लागला, कारण आम्हाला पगार म्हणजे हाच पगार. सुधाकरला आधी कळलं. तो कपाळावर हात मारून भिंतीला टेकला. त्या तरुणालाही हळूहळू उलगडलं, आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की आता हे दुरुस्त करायचं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि तलाठी घरी येऊन पाहणी करतील, मगच. वेळ लागेल.

जो धंदा आम्ही उन्हापासून, शेजाऱ्यांपासून, गिऱ्हाइकापासूनही लपवला, त्याने काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं एका शब्दाने.

गल्लीला ही गोष्ट कळल्यावर वच्छलाबाईची फार थट्टा झाली. नसीमआपा गच्चीवरून विचारायच्या, "मॅडम, आज ऑफिसला सुट्टी का?" भाजीवाला मॅडम म्हणायला लागला. आधी वच्छलाबाईनेही ते उचललं. अंगणात बसून म्हणायची, आज साहेब नाही, म्हणून लवकर सुटले. मग महिने जायला लागले आणि तिला ते बोचायला लागलं. मॅडम म्हटलं की ती मान फिरवायची.

घरातही हवा बदलली. सुनंदा वाईट नव्हती. पण गॅसची टाकी संपायला आली की माणसाच्या हातातलं भांडं आपोआप जोरात आदळतं. वच्छलाबाईने दुपारचा चहा सोडला. मला नको असतो, म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे, असं म्हणणंही बंद झालं. एकदा मला हळूच म्हणाली, "पगार होता तवा मी नणंद होती. आता कोन हाय, समजत नाई."

फाल्गुनात तिने सुनंदाला सांगितलं की गहू आण, आपलेच आण, बटई नको. आणि खाटा टाकल्या त्या अंगणात नाही, दाराबाहेर, गल्लीत. वरचं धोतर काढून टाकलं. सुधाकर म्हणाला, हे काय करून राहिली तू? ती म्हणाली की पगार बंदच आहे, आता काय बंद करतील? ती एकटीच काडीवर वेढे घेत बसली. सकाळची दुपार झाली. मग सुनंदा भांडी घासून आली, हात पुसले, आणि तिच्या शेजारी बसून एक काडी उचलली. तिचे पहिले सरगुंडे वाकडे झाले. वच्छलाबाईने ते मोडून कणकेत परत मिसळले आणि म्हणाली, "पुन्हा कर." बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज नेहमीसारखा आला.

पाटीची कल्पना सुधाकरची. एकदा उघडच केलं म्हटल्यावर तो उत्साहाने पुढे झाला. त्याने ओळखीच्या रंगाऱ्याकडून पाटी लिहून आणली आणि मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचली, "अपंग महिला सरगुंडे केंद्र". त्याला वाटलं होतं, वाचून लोकांना माया वाटेल.

वच्छलाबाईने पाटी मांडीवर घेतली. त्यावरचा पहिला शब्द कोणता, ते मला बोट ठेवून दाखवायला लावलं. मग तिने चपलेने तेवढा रंग घासायला सुरुवात केली, ओला होता तोवर. "लोकायनं सरगुंडे खायचे हायेत," ती म्हणाली. "माह्ये पाय नाई खायचे." पाटी दारावर लागली तेव्हा पहिल्या शब्दाच्या जागी निळा डाग होता. पण सरगुंडे हा शब्द लांबून दिसायचा, आणि लोक यायला लागले. अकोटातून आले, अंजनगावातून आले, अमरावतीच्या एका लग्नघराने फोनवर मागणी दिली. चैत्रात आम्ही तिघी बसायचो तरी हात पुरायचे नाहीत.

आणि मग निरोप आला की तलाठी उद्या पाहणीला येणार.

सुधाकरच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी उठून त्याने आधी पाटी काढली आणि कपाटामागे घातली. खाटा नसीमआपांच्या गच्चीवर चढवल्या. अंगण झाडून असं केलं की जणू इथे कधी कणीक मळलीच नाही. हे सगळं चाललं असताना वच्छलाबाई दारात बसून होती. तिच्या हातात काम नव्हतं. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. ती नुसती बोटं मोडत होती, एकेक करून, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून.

तलाठी आले. आपल्याच भागातले, चाळिशीचे, घाम पुसत आलेले. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी घर पाहिलं, तिच्याशी चार शब्द बोलले, आणि विचारलं की या दिवसभर काय करतात. सुधाकर घाईने मधे पडला.

"काही नाई साहेब. काय करणार? बसूनच राह्यते."

वच्छलाबाईने बोटं मोडणं थांबवलं.

"मी बसलेली हाय," ती म्हणाली. "बसून नाई राह्यली."

सुधाकरने तिला डोळ्यांनी खुणावलं. तिने बघितलं नाही. "सुनंदा, ते पाटी आन कपाटामागची." सुनंदा जागची हलली नाही, सुधाकरकडे पाहत उभी राहिली. मग आत गेली आणि पाटी घेऊन आली. वच्छलाबाईने ती तलाठ्यांच्या पायाशी ठेवली.

"सरगुंडे करते मी साहेब. माल वर गच्चीवर हाय, पाहून या. लग्नाचे दोन-तीन महिने मी कमावती हाय. मंग वर्षभर कोनी सरगुंडे नाई खात, तवा मी निराधार हाय. दोनी खरं हाय, दोनी लिहा. यातलं एकच लिहाचं असन तं मंग काहीच नका लिहू."

सुधाकर खाली बसला. तलाठी पाटीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं की साधारण काय सुटतं. तिने सांगितलं, काहीही न लपवता, शेळ्यांना घातलेला मालही सांगितला. ते हसले. म्हणाले की बाई, उत्पन्नाची मर्यादा असते, पण तुमचं तिच्या जवळपासही जात नाही. एवढ्यासाठी कुणाचं बंद होत नाही. तुमचं बंद झालं ते पगार म्हटल्यामुळे. पुढच्या वेळी अनुदान म्हणा.

मला वाटलं, आता ती हसेल. तिचा चेहरा लाल झाला. "म्हंजे सांगतलं असतं तरी चाललं असतं?" तिने विचारलं. तलाठ्यांनी मान हलवली. "मंग मी एवढे दिवस ऊन कायले झाकलं?" हे तिने त्यांना विचारलं, सुधाकरला विचारलं, मला विचारलं. ती तशीच सरकत समोर आपांच्या जिन्यापाशी गेली आणि वर तोंड करून ओरडली की खाटा खाली पाठवा, सगळ्या.

तलाठी निघताना तिने त्यांना थांबवलं. तो शब्द काय म्हणाले, पुन्हा सांगा. अनुदान, ते म्हणाले. तिने दोन-तीनदा म्हणून पाहिला.

"त्यात दान हाय ना शेवटाले?"

आहे, ते म्हणाले.

"मंग नाई जमत. तुमी तिकडं काय लिहाचं ते लिहा. आमी पगारच म्हनू."

तिचा पगार पुढे सुरू झाला. दिवाळीच्या सुमाराला सुनंदाने मला फोनवर सांगितलं. पण मी तोवर गल्लीत नव्हते. माझ्या मुलाने अकोल्यात खोली घेतली आणि मला नेलं. जायचं ठरलं तेव्हा ज्येष्ठ महिना होता, लग्नाचे शेवटचे मुहूर्त चालू होते, आणि तिचा पगार अजून आला नव्हता. सुधाकर आम्हा दोघींना एकाच ऑटोतून बसस्टँडवर घेऊन आला. मला अकोल्याची गाडी, तिला अंजनगावची. आता माल द्यायला ती स्वतः जायची. सुनंदाच्या आईने मागच्या वेळी डबे उशिरा पोचवले, हे तिला सहन झालं नव्हतं.

तिची गाडी आधी लागली. सुधाकरने तिला कमरेला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि सरगुंड्यांचं पोतं तिच्या पायाशी ठेवलं. मी खिडकीखाली उभी होते. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण नेहमीप्रमाणे शब्द आले नाहीत. मी एवढंच विचारलं, "आला का वं?"

"नाई अजून. येईन," ती म्हणाली, आणि लगेच ड्रायव्हरला ओरडून विचारलं की गाडी सुटणार आहे की इथेच मुक्काम.

कंडक्टर बाई होती, तरुण. तिने वच्छलाबाईचं सवलतीचं कार्ड पाहिलं आणि तिकीट काढून दिलं. वच्छलाबाईने पोत्याकडे बोट दाखवलं. कंडक्टर म्हणाली, असू द्या मावशी, एवढ्याशा सामानाला तिकीट लागत नाही.

"सामान नाई ते. माल हाय, धंद्याचा."

कंडक्टर म्हणाली की मालाचं लागतं, पण तुमच्याकडून कशाला घेऊ.

"माह्यं सवलतीचं कापलं ना तू? बरोबर कापलं. आता मालाचं पुरं काप."

मागून कुणीतरी ओरडलं की चला ना बाई, लग्नाला जायचंय. कंडक्टर हसली, मशीनवर बोटं मारली आणि दुसरं तिकीट फाडून दिलं. वच्छलाबाईने ते उलटसुलट करून पाहिलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरलं.

"वाच वं, मुकाबाई. काय लिह्यलं?"

गाडी हलली होती. मी दोन पावलं सोबत चालत गेले आणि वाचलं. मशीनची शाई फिकट होती. "सामान," मी म्हणाले. "पूर्ण."

"सामान?" ती म्हणाली, आणि वळून कंडक्टरशी भांडायला लागली. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात वर-खाली होताना मला दिसत होता.